आधी उतार, मग चढ: मायोर्काच्या घाटांत सायकल नेण्याआधीची तयारी

सिंहगड सायकलने चढणाऱ्यांना एक क्रम अंगवळणी पडलेला असतो. पायथ्याशी श्वास सांभाळायचा, वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, आणि उतार म्हणजे बक्षीस. स्पेनच्या मायोर्का बेटावर सा कालोब्रा या समुद्रकाठच्या गावाच्या रस्त्याला हा क्रम उलटा होतो. कोल देल्स रेइस या ६८२ मीटर उंचीवरच्या खिंडीतून आधी थेट समुद्रापर्यंत उतरायचं. रस्ता तिथेच संपतो. मग जेवढं उतरलात तेवढं सगळं, साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्क्यांचा चढ, चढून परत यायचं. तयारीला लागताना एवढं पक्कं ध्यानात ठेवा, कारण यादीतल्या निम्म्या गोष्टी यातूनच निघतात.

आधी महिना ठरवा. मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं आणि रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. फेब्रुवारीत बदामाची झाडं फुललेली असतात, फार देखणं दिसतं, पण डोंगरात गारठा कडक असतो. एप्रिलच्या शेवटाकडे ‘मायोर्का ३१२’ ही मोठी सायकल स्पर्धा भरते. त्या आठवड्यात खोल्या आणि भाड्याच्या सायकली दोन्ही लवकर संपतात, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलेला असावा लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाताशी ठेवा. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, पण एवढ्यावर थांबू नका. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा आणि डोंगरातल्या रस्त्यावर सायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

सरावासाठी सिंहगडासारखा दुसरा घाट नाही. लांबी आणि चढ दोन्ही सा कालोब्राच्या जवळपास जातात. उजाडायच्या आत निघा, गाड्या सुरू व्हायच्या आधी वर पोचा, खाली या आणि तसेच पुन्हा वर चढा. हा दुसरा फेरा म्हणजे खरी तालीम. शेवटच्या महिन्यात दर रविवारी असे दोन फेरे झाले तर पाय तयार झाले असं समजा. उतारांचाही सराव करा, ही गोष्ट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. हात हँडलच्या खालच्या वळणात, ब्रेक वळणाच्या आधी, वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिथे. पुण्याजवळच्या बोपदेव घाटात कमी वेगात हे शंभरदा घोटून घ्या.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे: एका आठवड्यासाठी जात असाल तर भाड्याने घ्या. मात्र बुकिंग करतानाच तीन गोष्टी लिहून कळवा. पहिली, गिअर. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३२ किंवा ३४ दातांची हवी. दुसरी, उंची. आपल्या सायकलवर पॅडल जिथे फिरतं त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि मिलिमीटरमधला आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. तिथल्या दुकानात अंदाजाने बसवलेली सीट तिसऱ्या दिवशी गुडघ्याला कळते.

तिसरी गोष्ट ब्रेक, आणि तिच्यावर मी जरा थांबणार आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्पेनमध्ये तो डाव्या हाताला असतो. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ल्युकच्या मठाकडून खाली येताना एका वळणावर वाळू दिसली. मागचा ब्रेक हलकेच धरायचा म्हणून सवयीने डावा हात आवळला, पुढचं चाक घसरलं आणि मी कोपरावर पडले. हाड शाबूत राहिलं, पण दोन दिवस फुकट गेले आणि ती जखम मनातून जायला आणखी वेळ लागला. तेव्हा दुकानदाराला आधीच कळवा आणि उजवीकडे पुढचा ब्रेक बसवून मागा. तसं होणार नसेल तर पहिला अर्धा तास मोकळ्या सपाट रस्त्यावर फक्त ब्रेक लावत फिरा, हात नव्याने शिकेपर्यंत.

आपली पॅडल आणि त्यात अडकणारे बूट बरोबर न्या. पाय ओळखीच्या पॅडलवर असले की बाकी सायकल परकी वाटत नाही. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते काढताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हेल्मेट आपलंच न्या. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर ते कायद्याने सक्तीचं आहे, आणि कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. पुढचा-मागचा दिवा दिवसाही लावलेला असू द्या, कारण सोय्येरहून पुच मजोर या डोंगराच्या अंगाने वर जाणाऱ्या रस्त्यावर बोगदा लागतो आणि उन्हातून आत शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. पाल्मा-सोय्येर रस्त्यावरचा मोठा बोगदा मात्र सायकलला बंद आहे. तिथे डोंगरावरून जाणारा कोल दे सोय्येरचा जुना वळणावळणांचा रस्ता धरा, गाड्या बोगद्याने जात असल्यामुळे तो आपल्याला जवळजवळ मोकळा मिळतो.

वाहनं उजव्या बाजूने चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कॉफी पिऊन पुन्हा सायकलवर बसताना सगळे विसरतात. हँडलवर एक पांढरी चिकटपट्टी लावून तीवर बाण काढा. चौकातल्या गोल चक्रात आधी डावीकडे बघायचं. गाडीवाल्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा तिथे कायदा आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. आपल्या हायवेवर ट्रकच्या वाऱ्याने हलणाऱ्या माणसाला याचं किती अप्रूप वाटतं, ते तिथे गेल्यावरच कळेल.

कपड्यांत विंडचिटर हवाच, पातळ, घडी करून पाठीच्या खिशात मावेल असा. चढताना घामाने भिजलेलं अंग घेऊन दहा किलोमीटर उतरलात तर बोटं आखडतात आणि ब्रेक नीट धरवत नाही. वेगळ्या घालता-काढता येणाऱ्या बाह्या, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गळ्याशी गुंडाळायचं फडकंही ठेवा. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे दोन लिव्हर आणि षटकोनी पान्यांचा छोटा संच सीटखालच्या पिशवीत.

खाण्याचं असं. युरोपात दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे आणि तुपातले लाडू घरीच राहू द्या. शेंगदाण्याची चिक्की आणि बिया काढलेला खजूर न्या, चढावर दर अर्ध्या तासाला एक तुकडा. शाकाहारी असाल तर तिथला प्रसिद्ध एन्साइमादा हा गोल, पदर सुटलेला गोड पाव खाण्याआधी थांबा: तो डुकराच्या चरबीत करतात, त्याचं नावच त्या चरबीवरून पडलंय. टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव, पा अम्ब ओली, मागा, आणि मांस नको हे आधीच सांगा. बटाटे, वांगी, मिरच्या आणि टोमॅटोचा तुम्बेत मिळाला तर सोडू नका.

दिवसांचा क्रम चुकवू नका. पहिला दिवस मधल्या सखल भागात घालवा: सिनेऊ, पेत्रा ही गावं, दोन्ही बाजूंना रचीव दगडांच्या बुटक्या भिंती आणि मधून एका गाडीपुरता रस्ता. हात आणि डोळे इथे रुळतात. सिनेऊचा बाजार बुधवारी भरतो, जमलं तर तोच दिवस धरा. दुसऱ्या दिवशी पोर्ट दे पोयेन्साहून फोर्मेन्तोरच्या टोकावरच्या दीपगृहापर्यंत जा. कड्यावरून जाणारा वारा तिथे आडवा लागतो आणि रस्त्यावर बकऱ्या येतात, म्हणून उतारावर एक बोट कायम ब्रेकवर.

सा कालोब्रा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. पोर्ट दे पोयेन्साहून कोल दे फेमेनियाची खिंड आणि ल्युकमार्गे जाऊन-येऊन साधारण ९० किलोमीटर पडतात. हा रस्ता आणि फोर्मेन्तोरचा रस्ता, दोन्हींची आखणी आंतोनिओ पारिएत्ती या एकाच इंजिनिअरची. सा कालोब्राचा १९३२ साली झाला. खिंडीच्या थोडं खाली एका ठिकाणी रस्ता टायच्या गाठीसारखा स्वतःभोवती फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. तिथे थांबून बघा, पण थांबायचं असेल तर आधी मागे बघून बाजूला व्हा. मला तो रस्ता बघून दरवेळी भरून येतं. डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराच्या कलाने वळण घेत जाणारी इतकी समंजस आखणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पर्यटकांच्या बसेस सकाळ उलटली की सुरू होतात आणि त्या वळणावर बस आणि सायकल एकत्र मावत नाहीत. म्हणून सहा वाजता नाश्ता, उजेड होताच निघणं. आदल्या रात्री फोन आणि सायकल कॉम्प्युटर चार्जिंगला लावा, रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा कारण डोंगरात रेंज जाते, आणि ११२ हा आणीबाणीचा क्रमांक सेव्ह करा. पाय अगदीच संपले तर खालच्या बंदरातून पोर्ट दे सोय्येरला बोट जाते. ती समुद्र शांत असेल तेव्हाच सुटते, म्हणून तिची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि तिच्यावर विसंबून खाली उतरू नका.

खिंडीत पोचल्यावर विंडचिटर घाला, त्याची चेन गळ्यापर्यंत बंद करा, दोन्ही ब्रेक एकदा आवळून बघा. खाली समुद्राशी पोचलात की पाय ताणा, काहीतरी खा, दोन्ही बाटल्या काठोकाठ भरा. परतीच्या चढावर वाटेत पाणी मिळेल असं धरू नका.