ओपिऑइड व्यसन रोखण्याच्या कामात या चुका टाळा

रॅली निघते, शपथ होते, हारतुरे होतात. ज्या रात्री खरी गरज पडते त्या रात्री मात्र अतिडोसवर उतारा असलेल्या नॅलोक्सोन औषधाचा स्प्रे कपाटात आणि किल्ली मंडळाच्या सचिवांच्या खिशात. वस्तीपातळीवरच्या बहुतेक चुका याच जातीच्या: कार्यक्रम होतो, पुढची तजवीज होत नाही.

स्प्रे आहे, पण हाताळला नाही

नॅलोक्सोन मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या ओपिऑइडचा परिणाम उलटवतं. नाकात मारायचा ४ मिलिग्रॅमचा स्प्रे वापरायला सोपा, पण प्रात्यक्षिक झालेलं नसेल तर 'चालतोय का' म्हणून लोक तो आधी हवेत दाबून बघतात. आत एकच डोस असतो. तो गेला!

अतिडोसच्या खुणा ओळखा: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ-नखं निळसर, श्वास संथ किंवा घरघरणारा, आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं घासूनही प्रतिसाद नाही, तर आधी रुग्णवाहिका बोलवा. उताणं झोपवा, मान मागे कलती करा. टोक एका नाकपुडीत, आपली बोटं नाकाला टेकेपर्यंत घाला आणि अंगठ्याने दट्ट्या पूर्ण दाबा. श्वास अपुरा असेल तर दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास देत राहा. दोन-तीन मिनिटांत फरक दिसला नाही तर नवा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास नीट सुरू झाला की कुशीवर वळवा.

अंगावर गार पाणी ओतणं, मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं, खांद्याला धरून फिरवणं यात वेळ जातो, आणि उलटी श्वासनलिकेत गेली की वेगळंच संकट. उठून बसला म्हणून घरी पाठवणं ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. नॅलोक्सोनचा अंमल ३० ते ९० मिनिटांचा; अंगातलं ओपिऑइड त्याहून जास्त टिकू शकतं. मग श्वास पुन्हा मंदावतो. जागा झालेला माणूस घामेजलेला, चिडलेला असतो, त्याला परत नशा करावीशी वाटते. शिव्या खाव्या लागल्या तरी मदत येईपर्यंत शेजारी बसा.

'सुटली' म्हणून पाठ फिरवणं

काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग जुन्याच मापाने घेतलेला डोस जीव घेऊ शकतो. त्यामुळे तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे फार धोक्याचे. सत्कार करा न करा. सुटण्याची तारीख, पहिल्या दिवशी कोण भेटणार आणि घरात स्प्रे कोणाला वापरता येतो, हे तीन रकाने भरलेले हवेत.

'एक नशा सोडून दुसरी धरली' असं म्हणत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइड व्यसनावर डॉक्टर देतात ती औषधं बंद करायला लावणारे स्वयंसेवक तर नकोतच. ही दोन्ही औषधं २००५पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ब्युप्रेनॉर्फिन 'अंगावर आलं' अशी तक्रार आली तर आधी वेळ विचारा. ते इतर ओपिऑइडना मेंदूतल्या त्यांच्या जागांवरून हुसकावतं. लवकर घेतलं तर अंगदुखी, जुलाब, थरकाप एकदम उसळतात. हेरॉइननंतर साधारण १२ तास तरी थांबतात, मेथाडोननंतर त्याहून बरंच जास्त. वेळ आणि डोस ठरवायचा डॉक्टरांनी.

फॉर्म भरून घेतले, वाचले नाहीत

मानसिक आरोग्य शिबिरात पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची यादी वाटतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. गठ्ठा सोमवारी बघू, हे चालणार नाही. फॉर्म हातात येताच आधी तो प्रश्न पाहा. खूण असेल तर बाजूला नेऊन सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका. त्याच दिवशी भेटणारा समुपदेशक किंवा डॉक्टर ठरलेला नसेल, तर शिबिराची तारीख पुढे ढकला.

घरातला साठा

शाळेत एकदा घाबरवणारं भाषण देऊन फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ट्रामाडॉल-कोडीन या ओपिऑइड वेदनाशामकांच्या गोळ्या गोळा करून औषध परत घेणाऱ्या केंद्रावर द्या. तोवर कुलपात ठेवा. वेदनेसाठी त्वचेवर चिकटवायचा फेंटानिलचा पट्टा वापरून झाल्यावरही रिकामा नसतो, लहान मुलाला घातक ठरेल इतकं औषध त्यात उरू शकतं. काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन दुमडा. उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.