स्थलांतराच्या हंगामात गटाने पक्षीनिरीक्षणाला जाताना

गटाने पक्षी पाहायला जायचे ठरले की आधी सर्वांच्या सोयीची सुट्टी शोधली जाते आणि जागा व वेळ नंतर ठरते. स्थलांतराच्या हंगामात हा क्रम उलटा ठेवावा. आधी कोणते पक्षी पाहायचे ते ठरवावे, त्यावरून जागा आणि वेळ निश्चित करावी, आणि माणसांची सोय सर्वांत शेवटी पाहावी.

वटवटे, माशीमार यांसारखे बहुतेक छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे झाडाझुडपांत उतरून अधाशीपणे किडे टिपू लागतात, म्हणून त्यांच्यासाठी सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे असतात. याउलट गरुड, बाज आणि करकोचे जमीन तापून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने घिरट्या घालत उंची गाठतात. त्यांच्यासाठी गटाला अंधारात उठवून माळावर नेण्यात काहीच अर्थ नसतो, उन्हे चांगली वर आल्यावर पोहोचले तरी चालते. चिखलाणीवरच्या किनारी पक्ष्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालते. पूर्ण ओहोटीला ते इतके दूर पांगलेले असतात की दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, पण पाणी चढू लागले की चरण्याची जागा आक्रसत जाते आणि थवे काठाकडे सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जाऊन एका जागी बसून राहावे आणि पक्ष्यांना आपल्याकडे येऊ द्यावे. हवामानाचा अंदाजही पाहावा. अनुकूल वाऱ्याच्या निरभ्र रात्री पक्षी न थांबता पुढे निघून जातात, तर अचानक पाऊस आला किंवा वारा उलटा फिरला की थकलेले पक्षी मिळेल तिथे उतरतात, आणि त्यानंतरची सकाळ अनेकदा पाहण्यासारखी असते. त्यामुळे एखादी पर्यायी तारीख हाताशी असावी.

गट आठ-दहा जणांचा पुरे. त्याहून मोठा असेल तर दोन भाग करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवावेत. वाट दाखवणारा पुढे चालतो हे ठीक, पण एक जाणकार मागेही हवा, कारण पुढच्यांच्या चाहुलीने दडलेला पक्षी पुष्कळदा सगळे पुढे गेल्यावरच बाहेर येतो. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असल्यास नवख्यालाही पक्षी लवकर सापडतो. तिवईवरची एखादी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, साऱ्या गटाला पुरते; ती गटातील सर्वांत ठेंगण्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या उंचीला लावावी, बाकीच्यांनी वाकावे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने ओझरते पाहून बाजूला व्हावे, निवांत न्याहाळणे दुसऱ्या फेरीत करावे.

पक्षी दाखवणे ही वेगळीच कला आहे. ‘ते बघा, तिकडे!’ याने कोणालाच काही दिसत नाही, आणि झटक्याने हात उंचावला की पक्षी मात्र उडतो. आधी झाड सांगावे, मग त्या झाडाला घड्याळाची तबकडी मानून ‘दोनच्या काट्यावर, वाळक्या फांदीच्या खाली’ असे हळू आवाजात सांगावे. नाव लगेच जाहीर करू नये, असे माझे मत आहे. नाव कळले की लोक पाहणे थांबवतात. वीण आटोपून येणाऱ्या थव्यांत पिल्ले आणि फिकट पिसाऱ्याचे प्रौढ पक्षी असल्याने चित्रांतले झळझळीत रंग फारसे उपयोगी पडत नाहीत. चोचीची लांबी, पायांचा रंग, पंखावरची पट्टी आणि हालचाल पाहावी. काठाने चालताना मागचा भाग सतत खालीवर हलवणारी छोटी तुतवार रंगाआधी त्या लकबीवरूनच ओळखू येते.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस अखंड उडत गेले. अशा प्रवासाहून उतरलेल्या किंवा त्याच्या तयारीत असलेल्या पक्ष्याला विनाकारण उडवणे म्हणजे त्याची साठवलेली चरबी वाया घालवणे होय. थव्याने चरणे थांबवून माना ताठ केल्या की आपण अंतर ओलांडले असे समजावे आणि तिथेच थांबून, गरज पडल्यास मागे सरावे. छायाचित्रासाठी कोणी एकटा पुढे घुसू नये, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढू नयेत.

नोंदी एकानेच कराव्यात. मोठ्या थव्यात आधी दहा किंवा पन्नास पक्षी मोजून तेवढा थवा नजरेत बसवावा आणि असे किती भाग होतात ते पाहावे. निघण्याची वेळ, लागलेला कालावधी आणि चाललेले अंतर लिहावे. ओळख पटली नसेल तर ‘तुतवार, जात अनिश्चित’ अशी नोंद चालते. कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची असल्यास एकाने ती भरून इतरांना शेअर करावी, म्हणजे तेच पक्षी पुन्हा पुन्हा मोजले जात नाहीत, आणि ज्याला एखादा पक्षी दिसला नसेल त्याला तो आपल्या प्रतीतून काढून टाकता येतो.