उंची इन-इअर निवडायला मुंबई-पुण्यास निघण्यापूर्वी: कोकणातील श्रोत्यासाठी तयारीची यादी

पन्नास हजारांपासून लाखापर्यंतचे, किंवा त्याहून महाग असे कानात बसणारे हेडफोन घ्यायचे ठरले, की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ वा मालवणच्या माणसाला ते ऐकण्यासाठी बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. दुकानात हाती येतात ते जेमतेम तीन-चार तास, आणि गावी परतल्यावर वस्तू पसंत पडली नाही तर ती बदलून घेणे अवघड होते, कारण कानात घालून झालेले इन-इअर स्वच्छतेच्या कारणावरून परत न घेण्याची अनेक विक्रेत्यांची अट असते. त्यामुळे माझ्या मते ही खरेदी दुकानात कमी आणि घरी अधिक होते. गाडीत बसण्यापूर्वी काय तपासून, काय ठरवून आणि काय बरोबर घेऊन निघावे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली तयारी कानांची करावी. कानात मळ साचलेला असेल तर हजारो रुपयांच्या फरकावर तो एकटा पाणी फिरवतो. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावेत आणि काडी किंवा कापूस घालून ते घरच्या घरी साफ करण्याच्या फंदात पडू नये. दमट हवेत कानाच्या नळीत बुरशीचा संसर्ग सहज होतो. पावसाळ्यात कानाला खाज वा ओल जाणवत असेल तर आधी उपचार पूर्ण करावेत, कारण सिलिकॉनच्या टोपणाने बंद केलेला कान ती ओल आतच धरून ठेवतो. सर्दी असताना तर ऐकायला जाऊच नये.

त्यानंतर स्वतःच्या कानाचे माप घरीच नक्की करावे, आणि या कामाला वेळ द्यावा, कारण इन-इअरच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक येथेच पडतो. इअरटिप, म्हणजे सेटच्या टोकावरचे मऊ टोपण, कानाच्या नळीला पूर्ण चिकटून बसली नाही तर खर्जाचा आवाज फटीतून निघून जातो. सेट पोकळ आणि कर्कश वाटतो, आणि श्रोता दोष मात्र त्या सेटला देतो. सिलिकॉनच्या लहान, मध्यम व मोठ्या आणि फोमच्या एक-दोन टिपा मागवून सध्याच्या सेटवर लावून पाहाव्यात. चाळीस-पन्नास हर्ट्झचा संथ स्वर वाजवून जबडा हलवावा, मान वळवावी, आणि स्वर पातळ होतो का ते पाहावे. डाव्या आणि उजव्या कानाचे माप वेगळे निघाले तर त्यात नवल नाही. दोन्ही मापे लिहून ठेवावीत. टिपा बरोबर नेताना दोन प्रकारच्या छिद्रांच्या न्याव्यात, कारण टिप ज्यांवर चढते त्या शुअर आणि एटिमोटिकच्या सेटच्या नळ्या बारीक असतात, तर इतर अनेक कंपन्यांच्या बऱ्याच जाड. सोनीचा आयईआर-झेड१आर हा झिर्कोनियम मिश्रधातूच्या कवचाचा सेट आवाजासाठी वाखाणला जातो, पण त्याचा आकार मोठा असल्याने लहान कानात तो नीट बसत नाही. म्हणून ज्यांची नावे मनात आहेत त्यांच्या बसणीबद्दल आधी वाचून घ्यावे आणि आपल्या कानात न बसणारा सेट, तो कितीही नावाजलेला असो, यादीतून काढून टाकावा.

नीट बसलेली टिप बाहेरचा आवाजही अडवते, आणि पत्र्यावर किंवा कौलांवर कोसळणाऱ्या पावसात ऐकणाऱ्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि ९० डेसिबलवर तोच कोटा अवघ्या ४ तासांत संपतो. कानात खोल बसणारा एटिमोटिकचा ईआर-४ हा १९९१ पासूनचा सेट या अडवणुकीसाठी आजही ओळखला जातो. त्याची खोल बसण सर्वांना सोसत नाही, हेही तितकेच खरे. उलट ज्यांच्या कवचावर हवेसाठी छिद्रे असतात ते डायनॅमिक ड्रायव्हरचे, म्हणजे आवाज काढणारा भाग लाउडस्पीकरसारख्या पडद्याचा असलेले, सेट तुलनेने कमी आवाज अडवतात, पण कानातला दाब हलका ठेवतात. आपण कोठे ऐकणार, घरात की मांडवी एक्सप्रेसच्या डब्यात, हे आधी ठरले की अर्धी यादी आपोआप गळते. रस्त्याने चालताना किंवा गाडी चालवताना मात्र असे सेट कानात असूच नयेत.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत आनंदाची तयारी म्हणजे ऐकण्याच्या ध्वनिमुद्रणांची. दुकानातील माणूस जे वाजवून दाखवतो ते बहुतेक वेळा सेट उठून दिसावा म्हणूनच निवडलेले असते. त्यावर निर्णय घेऊ नये. वर्षानुवर्षे ऐकलेली, ज्यांच्यातला श्वाससुद्धा पाठ आहे अशी सहा-सात ध्वनिमुद्रणे दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात फोनमध्ये उतरवून घ्यावीत, म्हणजे नेटवर्कच्या भरवशावर राहावे लागणार नाही. त्यात निव्वळ तानपुऱ्याचे एक असावे. जव्हारीमुळे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खास घडणीमुळे, तानपुऱ्याच्या एकेका तारेतून वरच्या सुरांचा मोठा समूह उठतो, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या वाद्याच्या याच गुणाचा अभ्यास मांडला होता. मध्यापासून तारापर्यंतच्या आवाजात एखादा खड्डा किंवा उंचवटा असेल तर तानपुऱ्याची ती झळाळी कोठेतरी तुटते किंवा एकाच जागी चमकू लागते, आणि हे कानाला लगेच कळते. दुसरे ध्वनिमुद्रण तबल्याचे किंवा पखवाजाचे असावे. साधारण चामड्याच्या वाद्याचे वरचे सूर बेमेळ असतात, पण मधल्या शाईमुळे आपल्या वाद्यांचे पहिले काही सूर एकमेकांशी पटीत बसतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये हे नोंदवले. त्यामुळे तबल्याला निश्चित सूर असतो, आणि चांगल्या सेटवर 'ना' आणि 'तिं' यांचा सूर स्वच्छ लागलेला ऐकू यायला हवा, केवळ टकटक नव्हे. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा घुमारा खोल उतरून वेळेवर थांबतो का, की पुढच्या बोलावर सांडतो, हे ऐकावे.

तिसरे ध्वनिमुद्रण डबलबारी भजनाचे, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचे, न्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बुवांचा उंच चढलेला आवाज, पेटी, पखवाज, झांज आणि कोरस एकाच वेळी भिडलेले असताना प्रत्येकाची जागा वेगळी राहते की सारे एका गोळ्यात मिसळते, याची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाही. झांजेचा नाद विझेपर्यंत ऐकू यावा, पण प्रत्येक ठोक्याला डोळे मिटावेसे वाटू नयेत. चौथे म्हणजे स्पष्ट उच्चारांच्या गायिकेचे भावगीत. त्यातील स, श आणि च टोचतात का ते पाहावे, कारण साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला अतिरेक तेथेच उघडा पडतो. शेवटी एखादे सदोष ध्वनिमुद्रणही अवश्य असू द्यावे, उदाहरणार्थ जत्रेत कोणी टिपून घेतलेला दशावतार. आपल्या संग्रहात असे पुष्कळ असते, आणि जो सेट ते ऐकणेच असह्य करतो तो आपल्या उपयोगाचा नाही.

सेट कोणता स्वर किती जोरात वाजवतो हे दाखवणारा आलेख वाचायला शिकणे हीदेखील तयारीच आहे, पण त्यावर बेतानेच भिस्त ठेवावी. इन-इअरचा प्रतिसाद कृत्रिम कानावर मोजतात. आयईसी ६०३१८-४ प्रमाणाच्या उपकरणावर काढलेला आलेख आणि ब्रुएल अँड क्येअर ५१२८ या दुसऱ्या उपकरणावर काढलेला आलेख शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे. पहिल्या उपकरणात आठ हजार हर्ट्झच्या आसपास जो उंचवटा दिसतो तो बऱ्याचदा नळी किती खोल बसवली यावर ठरतो, त्यामुळे तेथून वरचा भाग आपल्या कानात तसाच असेल असे मानू नये. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत श्रोत्यांवर चाचण्या घेऊन जी लक्ष्यरेषा (आदर्श मानायचा आलेख) काढली ती बहुसंख्यांच्या आवडीची सरासरी आहे, आणि तिच्यातला खर्ज शास्त्रीय गायन ऐकणाऱ्या अनेकांना जास्त वाटतो. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. आपल्या सध्याच्या सेटचा आलेख शोधून समोर ठेवावा, फोनमधील इक्वलायझरने खर्ज, मध्य आणि तार थोडे थोडे कमी-जास्त करावेत, आठवडाभर ऐकावे आणि कोणते बदल टिकले ते लिहून ठेवावे. आपली आवड अशी आकड्यांत कळली की पंधरा नावांची यादी चारवर येते.

ड्रायव्हरच्या संख्येवरून काही ठरवू नये. सेनहायझरचा २०२१ चा आयई ९०० सात मिलिमीटरच्या एकाच डायनॅमिक ड्रायव्हरवर चालतो, तर शुअरच्या २०१३ च्या एसई८४६ मध्ये चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे दुसऱ्या जातीचे छोटे ड्रायव्हर, आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत.

ज्यावर रोज ऐकणार तो स्रोत बरोबर न्यावा: आपला फोन, आपला डोंगल (फोन आणि तारेचा सेट यांच्यामधला छोटा जोड) किंवा प्लेअर, आणि ते पूर्ण चार्ज केलेले. दुकानातील मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकून घेतलेला निर्णय घरच्या डोंगलवर फिरू शकतो. याचे कारण साधे आहे. एसई८४६ चा अवरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध (इम्पीडन्स), केवळ ९ ओहम आहे आणि आर्मेचरच्या सेटमध्ये तो वारंवारतेनुसार बदलतो; स्रोताच्या बाजूचा अवरोध (निर्गम-अवरोध) त्याच्या एक-अष्टमांशाहून, म्हणजे येथे साधारण एक ओहमहून, जास्त असला तर सेटचा स्वभावच बदलतो. असे संवेदनशील सेट स्रोतातला सूं-सूं आवाजही उघड करतात, म्हणून गाणे थांबवून शांततेतही ऐकावे. चांगला साधा डोंगल बहुतेक इन-इअरना पुरतो, आणि ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जोडणीसाठी (जिच्यात डाव्या-उजव्या बाजूंच्या तारा वेगळ्या असतात) केवळ नावाखातर जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. ब्लूटूथवरच ऐकण्याचा बेत असेल तर उंची तारेच्या सेटचा विचार पुन्हा करावा.

आता दुकानातील वागणुकीची तयारी. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्रभर प्रवास करून सकाळी उतरल्यावर थेट ऐकायला जाऊ नये; रुळांच्या आवाजाने आणि अपुऱ्या झोपेने कान थकलेले असतात. नातेवाइकांकडे अंघोळ-न्याहारी करून, शक्य असल्यास थोडी झोप काढून, दुपारी गर्दी नसलेली वेळ आधी फोनवर ठरवून जावे आणि कोणते सेट काढून ठेवायचे तेही तेव्हाच सांगावे. एका बैठकीत चारांहून अधिक सेट ऐकू नयेत आणि मधे कानांना विश्रांती द्यावी. सर्वांत महत्त्वाची दक्षता आवाजाच्या पातळीची, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि खर्ज व तार त्यात अधिक भरल्यासारखे भासतात. प्रत्येक सेटवर तोच सपाट खळखळाट, म्हणजे ज्याला पिंक नॉइज म्हणतात तो, वाजवून पातळी सारखी करावी आणि फोनवरचा आकडा त्या सेटच्या नावापुढे लिहावा. सारखेपणाविषयी शंका राहिली तर महागड्या सेटचा आवाज किंचित कमी ठेवावा. तरीही तो सरस वाटला तर त्याची किंमत त्याने कमावली. बरोबर मित्र असेल तर किमती त्यालाच माहीत असू द्याव्यात. टिपणे आपल्या शब्दांत करावीत, पण वाद्याला धरून: 'झांज टोचते', 'पेटी बुवांना झाकते', 'डग्गा सैल'. नुसते 'छान' लिहिलेले संध्याकाळी काही सांगत नाही.

किनाऱ्यावरच्या हवेचा हिशेब खरेदीआधीच मांडावा. खारी दमट हवा आणि घाम यांनी तारेतील तांबे हिरवे पडते, केबल सेटला जोडणाऱ्या एमएमसीएक्स जातीच्या फिरत्या जोडणीत खरखर येऊ लागते, आणि नळीवरच्या जाळीत ओल धरली की एक बाजू हळूहळू मंदावते. म्हणून केबल आणि जाळी बदलता येणारा सेटच घ्यावा आणि बदलीची केबल कोठे मिळते ते आधी विचारावे. आयई ९०० ची जोडणी खोलगट असल्यामुळे त्यात बाजारातल्या अनेक एमएमसीएक्स केबल बसत नाहीत, हे त्या सेटचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. ०.७८ मिलिमीटरच्या दोन-पिनी जोडणीत एक बाजू उलटी लागली तर खर्ज पोकळ होतो, तेव्हा खुणा पाहून जोडण्याची सवय लावावी. महागड्या केबलने आवाज सुधारतो असे मी मानत नाही. त्याच पैशांत एक साधी जादा केबल आणि श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळणारी ओल शोषणारी डबी घ्यावी. डबीत सिलिका जेल रंग बदलणारे, शक्यतो नारिंगी असावे, आणि रंग उतरला की ते वाळवून पुन्हा वापरावे.

कानाच्या साच्यावरून घडवलेला सेट घ्यायचा असेल तर साचा अनुभवी ऑडिओलॉजिस्टकडूनच, नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत घेतलेला असावा. बसण चुकली तर दुरुस्ती किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने होईल हे लेखी मागावे. असा सेट पुढे विकायला गेल्यास भाव फारसा येत नाही.

बिल आपल्याच नावाचे घ्यावे. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर सेट मागवणे आपल्याकडे स्वाभाविक आहे, पण तेव्हाही बिलावर नाव आपले, सेटचा अनुक्रमांक लिहिलेला आणि विक्रेता कंपनीचा अधिकृत असावा. परदेशातून थेट मागवल्यास सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत मांडावी, आणि हमीसाठी सेट परत परदेशी पाठवावा लागेल का तेही विचारावे. सेट ताब्यात घेताना दुकानातच मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखा, आवाज वाजवून तो डोक्याच्या बरोबर मध्ये येतो का पाहावे, २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढणारा स्वर हळू आवाजात ऐकून दोन्ही बाजू बरोबरीने चालतात का तपासावे, आणि कानात घालताना ड्रायव्हरचा पडदा कुरकुरतो का तेही पाहावे. घरी आल्यावर हीच तपासणी परतीची मुदत संपण्यापूर्वी पुन्हा एकदा, शांत खोलीत आणि पंखा बंद करून करावी, आणि तोवर खोका, बिल व न वापरलेल्या टिपा जशाच्या तशा जपून ठेवाव्यात.