छोट्या बैठकीत ख्याल ऐकायला जाताना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे एखाद्या रसिकाच्या माडीवर, वाचनालयाच्या वरच्या खोलीत किंवा देवळाच्या सभामंडपात चाळीस-पन्नास माणसांपुढे गाण्याची बैठक होते. तिला पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा दोन गोष्टींनी बुजतो. आपल्याला राग ओळखता येत नाही ही एक, आणि मान कोठे डोलवायची हे कळत नाही ही दुसरी. पहिली काळजी त्याने घरीच ठेवून यावी. शेजारच्याच्या कानात रागाचे नाव कुजबुजणारे श्रोते खोलीत आधीच पुरेसे असतात. दुसरीवर मात्र साधा उपाय आहे आणि तो एका संध्याकाळी शिकता येतो.

आधी हे ध्यानात घ्यावे की तेथे जे ऐकायला मिळणार आहे त्याचा फार थोडा भाग आधीपासून ठरलेला असतो. बंदिशीचा मजकूर म्हणजे अस्थायी आणि अंतरा मिळून चार-सहा ओळी. राग, ताल आणि त्या ओळी सोडल्या, तर चाळीस-पन्नास मिनिटांचा, संथ लयीतला बडा ख्याल उभा राहतो तो गायकाच्या उपजेवर, म्हणजे त्या क्षणी सुचणाऱ्या आलापांवर, बोलआलापांवर आणि तानांवर. मोठ्या सभागृहात हे सुचणे ध्वनिवर्धकातून येते. छोट्या खोलीत ते डोळ्यांना दिसते. एखादी जागा मनासारखी लागली नाही म्हणून गायक तीच स्वरसंगती पुन्हा घेतो, तबलजी हसून ठेका थोडा घट्ट धरतो, पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा, एक स्वर दाबून थांबतो. हे सारे चार हातांवर घडते.

बैठकीचे निमंत्रण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते किंवा स्थानिक मराठी दैनिकाच्या शहर पानावर दोन ओळींत येते. कार्यक्रम घरी असेल, तर ‘सर्वांना प्रवेश’ असे लिहिलेले असले तरी यजमानांना आधी फोन करावा, कारण सतरंजी किती अंथरायची हे त्यांना ठरवायचे असते. दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे. हा शिष्टाचार तर आहेच, पण तंबोरे जुळताना ऐकणे हा गाण्याचाच पहिला धडा आहे. चार तारांपैकी पहिली तार सहसा पंचमावर असते. ती मध्यमावर उतरवली गेली, तर मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग अपेक्षित ठेवावा. निषादावर लावली, तर संध्याकाळच्या मारवा किंवा पूरियाकडे कान ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पाऊस तंबोऱ्याला आणि तबल्याच्या पुडीला स्वस्थ बसू देत नाही. त्या दिवसांत जुळवणी लांबली म्हणून कोणी घड्याळाकडे पाहू नये. त्या खोलीतला तंबोरा बहुधा मिरजेचा असतो. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जवारी, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडीची केलेली घासणी, काढून घेण्यासाठी आपल्याकडची मंडळी आजही वाद्य घेऊन मिरजेची गाडी धरतात.

बसण्याच्या जागेचा थोडा विचार करावा. तबलजी गायकाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे समोरून पाहताना तो आपल्या डावीकडे येतो. पेटी उजवीकडे येते. नवख्याने पेटीच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसावे, कारण तेथून तबलजीचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतात. अगदी पुढची रांग गाणाऱ्या मंडळींसाठी आणि गुडघे धरलेल्या ज्येष्ठांसाठी सोडावी. पेटीच्या जवळ बसण्याचा आणखी एक लाभ असा की साथ म्हणजे काय हे तेथे कळते. बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटीची साथ केली आणि शिकवलीही, त्यामुळे या गावात पेटीकडे कान देणारा श्रोता अजून सापडतो. गायकाच्या मागून अर्ध्या श्वासाच्या अंतराने चालणारी, पण त्याच्या पुढे कधीही न जाणारी पेटी एकदा लक्षात आली की मग ती ऐकल्याशिवाय राहवत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सम पकडणे. सम म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची, म्हणजे फेऱ्याची, पहिली मात्रा. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा असतात: धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धिं ना. हे बोल पाठ करण्याची गरज नाही. फक्त ‘तिरकिट’ ओळखावे, कारण बाकीच्या संथ बोलांमध्ये ते पाण्यात खडे पडावेत तसे वेगळे वाजते. ते एका आवर्तनात दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसऱ्या तिरकिटानंतर ‘धिं’ आणि ‘ना’ अशा दोन मात्रा उरतात आणि तिसरा आघात समेचा असतो. त्याच सुमारास गायक आलाप सोडून बंदिशीचा मुखडा उचलतो, म्हणजे तीच परिचित शब्दांची ओळ पुन्हा येते आणि तिचे एक ठरावीक अक्षर समेवर टेकते. पहिली पाच-सहा आवर्तने एवढेच करावे: तिरकिट, धिं, ना, सम. सातव्या-आठव्या आवर्तनाला मान आपोआप हलते, आणि मग गायक किती लांब जाऊन किती कमी मात्रांत परतला, हे पाहण्याची खरी गंमत सुरू होते.

येथे घराण्याचा प्रश्न केवळ अभिमानाचा राहत नाही. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची किराणा घराण्याची गायकी आणि कोल्हापूर दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची जयपूर घराण्याची गायकी या दोहोंच्या मधोमध आपला मुलूख आहे. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे शिकले, तर बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी कोणत्याच घराण्याच्या चौकटीत स्वतःला बसू दिले नाही. किराण्याच्या अतिविलंबित लयीत एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालते, त्यामुळे मात्रा मोजणारा नवखा वाटेतच हरवतो. जयपूरचा गायक बहुधा सोळा मात्रांच्या त्रितालात, थोड्या चढ्या लयीत गातो आणि सम लवकर लवकर भेटते. निवड हाती असेल, तर पहिली बैठक जयपूर अंगाची ऐकावी, असे माझे मत आहे; किराण्याचे चाहते त्यावर रागावतील हे मला ठाऊक आहे.

दाद देताना घाई करू नये. माझ्या पहिल्याच बैठकीत, शहापुरातील एका माडीवर, गायिकेने तार षड्जावर आवाज लावून ठेवला आणि मी भारावून मोठ्याने ‘वाहवा’ म्हटले. ती मात्र त्या षड्जाला हळूच निषादाची किनार लावण्याच्या बेतात होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, स्वर सोडून दिला आणि खाली उतरली. ती किनार त्या संध्याकाळी पुन्हा आली नाही. तेव्हापासून समेवर किंवा वाक्य पुरे झाल्यावरच तोंड उघडायचे, असा नियम मी पाळतो. टाळ्या तर बड्या ख्यालानंतरचा जलद लयीतला द्रुत ख्याल संपल्यावरच. उठायचे झाले, तर दोन रागांच्या मध्ये उठावे; उशिरा आल्यास दाराशीच बसावे. मोबाइल बंद करावा आणि ध्वनिमुद्रण करायचे असल्यास कलाकाराला आधी विचारावे.

मध्यंतरात चहा येतो, कधी सोबत कुंदाही येतो. फर्माईश करायचीच असेल, तर ती याच वेळी यजमानांमार्फत करावी. उत्तरार्धात सीमाभागातील श्रोत्यांचा मेळ पाहून गायक एखादे नाट्यपद किंवा अभंग घेतो आणि त्याला लागूनच एखादे कन्नड वचन किंवा दासरपदही गातो. दोन्हींना सारखेच कान द्यावेत. दाराजवळ देणगीची पेटी ठेवलेली असेल, तर तीत यथाशक्ती पैसे टाकावेत, कारण तिकीट नसले तरी बिदागी आणि तबलजीचे भाडे कोणीतरी खिशातून देत असतो.

खानापूर किंवा चिकोडीकडे परतणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ बैठकीआधीच पाहून ठेवावी आणि निघायचेच असेल, तर मध्यंतरात निघावे, भैरवीच्या मध्ये नव्हे. भैरवी झाली म्हणजे कार्यक्रम संपला. त्यानंतर आणखी एक गाण्याचा आग्रह धरू नये. थोडा वेळ हाताशी असल्यास तंबोऱ्यांवर गवसणी चढेपर्यंत जागेवरच बसून राहावे. तारांवरून कापड सरकताना त्या एकदा हलकेच वाजतात आणि त्या दिवशी लावलेला षड्ज शेवटचा ऐकू येतो.