जुना ट्रान्सफॉर्मर घेताना आधी सांधे बघा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर असे काही उन्हाळे काढलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रूप बदलणारा खेळण्यातला रोबो, घेताना रंगाआधी सांधे तपासा. रोबो उभा करून त्याचा एक हात आडवा करून सोडा. हात आपोआप खाली आला तर सांधा सैल झालाय. गोळ्याचा सांधा बहुधा घट्ट करता येतो. कटकट आवाज करणाऱ्या दातेरी सांध्याचे दाते झिजले असतील तर दुरुस्ती अवघड.

सोनेरी, आत चमकीच्या लहरी दिसणारं प्लास्टिक असेल तर मात्र हातच लावू नका. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या काही खेळण्यांत हे प्लास्टिक आपोआप ठिसूळ होतं. पेटीत जपलेलं असलं तरी पहिल्याच वळणाला तुकडे पडतात, आणि ते बघवत नाही. विक्रेत्यालाही रूप बदलून दाखवायला सांगू नका.

अंगावर कोरलेलं साल बघून भुलू नका. ते साच्याच्या स्वामित्वहक्काचं (कॉपीराइटचं) असतं, त्यामुळे नंतरच्या आवृत्तीवरही १९८४ दिसू शकतं. धातूचे भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणून नकली ठरवू नका. बंदूक, मुठी, क्षेपणास्त्रं मात्र मोजून घ्या. सुटे भाग नसतील तर भाव निम्म्यावरून बोला.