स्ट्रीट फायटर ६: आधी हिरवी पट्टी सांभाळा

या फायटिंग व्हिडिओ गेममध्ये नवखा माणूस रियू हा फायटर निवडतो आणि सगळी बटणं बडवत सुटतो. तुम्ही आधी हेल्थच्या खालच्या हिरव्या पट्टीकडे बघा. ती ड्राइव्ह गेज. ६ खाने, राउंड सुरू होतानाच भरलेले. ओव्हरड्राइव्ह मूव्हला, म्हणजे स्पेशल मूव्हच्या जास्त जोरदार रूपाला, २ खाने जातात, चालू मूव्ह मध्येच तोडून (कॅन्सल) ड्राइव्ह रश, म्हणजे झपकन पुढे धाव, मारला तर तब्बल ३. पट्टी संपली की बर्नआउट: फायटर राखाडी पडतो, आणि नुसत्या ब्लॉकवरही स्पेशल मूव्हची हेल्थ कापली जाते. अशा वेळी भिंतीला पाठ लावून उभं राहू नका. तिथे ड्राइव्ह इम्पॅक्ट (हा जोरदार फटका, खाली सांगतो) ब्लॉक केलात तरी स्टन व्हाल, म्हणजे थोडा वेळ हलताच येणार नाही, आणि पुढचा आख्खा कॉम्बो, म्हणजे सलग फटके, खाल.

ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे हेवी पंच आणि हेवी किक एकदम. खर्च १ खाना. पडद्यावर रंगांचे फटकारे उडतात ते काही नुसती शोभा नाही. ते दिसताच तीच दोन बटणं दाबायची आणि डाव समोरच्यावर उलटवायचा. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (सरावाच्या प्रतिस्पर्ध्याला) इम्पॅक्ट रेकॉर्ड करून द्या आणि बोटांना सवय लागेपर्यंत हेच करा. कंटाळवाणं आहे, पण कॉम्बो पाठ करण्याआधी हे.

पीसीवर खेळत असाल तर मॅचमध्ये सेकंदाला ६० फ्रेम्स स्थिर मिळाल्याच पाहिजेत. अडखळत असेल तर सावल्या आणि रिफ्लेक्शन बिनधास्त कमी करा. घामाचे थेंब कमी चकाकतील, चालतंय की! बटण दाबल्यापासून मूव्ह होईपर्यंतचा उशीर कमी करणारं इनपुट डिले रिडक्शन मात्र चालू ठेवा.