वखारीतल्या फळ्यांची क्लासिकल गिटार: बांधा, पण पावसाळ्यात नको

चांगल्या गिटारीसाठी स्प्रूस (पाईनसारखंच थंड प्रदेशातलं लाकूड) परदेशातूनच मागवावं लागतं, असं सांगणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ साली पाठ आणि कडा कागदी लगद्याच्या करून एक गिटार बांधली. आवाज वरच्या पातळ फळीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणून त्या एका फळीसाठी जीव टाका, बाकी लाकूड मुंबईत मिळेल ते चालतं.

रे रोडच्या वखारीत पाईनची थप्पी दिसली की फळीचा चेहरा बघू नका, टोक बघा. वाढीच्या रेषा टोकावर उभ्या, रुंद बाजूशी काटकोनात हव्यात. आडव्या कमानी दिसल्या की फळी परत ठेवा. तसं लाकूड हवेतल्या ओलाव्याने जवळजवळ दुप्पट फुगतं आणि आकसतं. उभ्या रेषांची रुंद फळी क्वचितच हाती लागते, पण अरुंद असली तरी बिघडत नाही, चार पट्ट्या जोडून वरची फळी होते. दीड-दोन फूट बिनगाठीचा तुकडा मिळाला की झालं. थप्पी उलथीपालथी केल्यावर वखारवाला वैतागतो. आधीच चहा सांगून ठेवा.

पाठीला आणि कडांना पाडलेल्या चाळींच्या चौकटींचं जुनं सागवान घ्या. ते तेलकट असतं, तेव्हा फेविकॉल लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसायचं. मानेला तून. मिरजेचे कारागीर सतारी-तंबोऱ्यांना तेच वापरतात. स्पेनमध्ये मानेला जे सीडर लावतात, त्याच्याच कुळातलं हे झाड. फ्रेटबोर्डला, म्हणजे मानेवर बोटांखाली येणाऱ्या पट्टीला, शिसम.

सॉ मिलमधून चार मिलिमीटरच्या फळ्या चिरून आणा आणि रंध्याने वरची फळी अडीचवर, कडा दोनवर उतरवा.

कडा वाकवायची लोकांना उगाच धास्ती असते. जाड लोखंडी पाईप (जस्त चढवलेला नको, त्याचा धूर वाईट), आतून ब्लो टॉर्च. वरून पाण्याचा थेंब टाकला की तो नाचला पाहिजे. पट्टी ओली करून टेकवा आणि लाकूड आपणहून सैल पडेपर्यंत जोर लावू नका. दोन पट्ट्या मोडतील, तिसरी वळेल.

खरी गोम वरच्या फळीला आतून आधाराच्या काड्या चिकटवण्यात आहे. काड्या कशा कापायच्या ते सगळे सांगतात. कधी चिकटवायच्या ते कोणी सांगत नाही. माझी पहिली गिटार मी जुलैत बांधली. हात सफाईदार चालला, सांधे घट्ट बसले, गणपतीत वाजवूनही दाखवली. जानेवारीत एका रात्री कपाटावरून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. वरची फळी ब्रिजखाली (तारा जिथे बांधतात त्या पट्टीखाली) खोलगट झाली होती आणि मधून सरळ रेषेत चिरली होती.

कारण साधं आहे. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि फळी आडवी फुगते. हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत हीच आर्द्रता ४५ वर आली, तर साडेतीनशे मिलिमीटर रुंद पाईन चारएक मिलिमीटर आकसायला बघतं. पण आडव्या चिकटवलेल्या काड्या लांबीत आकसत नाहीत. त्या फळीला धरून ठेवतात, आणि फळी फाटते. उलट कोरड्या हवेत चिकटवलेली फळी पावसाळ्यात फुगून वर येते, तारा जरा उंचावतात, एवढंच. फुगलेली फळी परत खाली बसते, फाटलेली सांधावी लागते.

‘किल्नमध्ये वाळवलेलं आहे साहेब’ हे वाक्य कानाआड करा. भट्टीतून निघालेली फळी रे रोडच्या उघड्या शेडमध्ये दोन महिने पडली, की भट्टीचा काय उपयोग? घरी आणून स्वयंपाकाच्या काट्यावर तोला, वहीत लिहा, दर आठवड्याला पुन्हा तोला. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही, तरच रंध्याला हात लावा.

काड्या चिकटवायच्या डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी, वारा जमिनीकडून असताना. शेजारी आर्द्रतामापक हवाच. ५० च्या वर काटा असेल तर त्या दिवशी दुसरं काम करा. आदल्या रात्री फळी आणि काड्या लोखंडी कपाटात ६० वॉटचा बल्ब लावून ठेवा. जुना, तापणारा पिवळा बल्ब. एलईडीने कपाटात फक्त उजेड पडेल. या बल्बच्या भरवशावर जुलैत काम उरकता येतं, असं मलाही वाटलं होतं. कपाटातून काढलेली अडीच मिलिमीटरची फळी काड्या बसवता बसवताच पुन्हा ओल धरते.

काड्या त्याच पाईनच्या, पण करवतीने कापलेल्या नव्हे, कोयत्याने फोडलेल्या. फोडलेल्या काडीत रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड जाते. पंख्यासारख्या सात लावा, तोरेसची मांडणी पुरेशी आहे. नायलॉनच्या सहा तारा मिळून चाळीसएक किलोचा ताण देतात, तेव्हा पहिल्या गिटारीत काड्या तासून तासून बारीक करण्याची हौस नको.

मग स्पॅनिश पद्धतीने वरची फळी उपडी ठेवून त्यावर मान, कडा आणि शेवटी पाठ बसवा. हेही त्याच कोरड्या आठवड्यांत.

फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्यासाठी तारेच्या लांबीला, ६५० मिलिमीटरला, १७.८१७ ने भागा, पहिला फ्रेट ३६.४८ वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जा, पण प्रत्येक अंतर नटपासूनच (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासूनच) आखा, आधीच्या फ्रेटपासून नव्हे. बारावा बरोबर ३२५ वर आला नाही, तर हिशेब चुकलाय. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, ६५० च्या दोनेक मिलिमीटर पलीकडे, नटपासून ६५२ च्या आसपास.

पॉलिश पातळ द्या. सॅडलसाठी हाडाच्या दोन पट्ट्या घासून ठेवा: एक हिवाळ्याची, आणि एक मिलिमीटरभर बुटकी, जूनमध्ये बदलायला.